टिकलीभोवतीची मोकळी जागा

प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तेव्हा धाकटीला ते दोन ठिपके दिसले. ठिपके म्हणजे तरी काय, टाचणीच्या टोकाएवढे. सरळ वरून पाहिलं तर दिसत नव्हते, तिरकं धरलं की दिसत होते. तिने प्लेट सरळ केली, पुन्हा तिरकी केली. चष्मा काढून ॲप्रनला पुसला, पुन्हा लावला. ठिपके जागचे हलायला तयार नव्हते. मागे इन्क्युबेटरचं दार तिने उघडंच टाकलं होतं आणि त्यातली ओळखीची आंबूस ऊब पाठीवर येत होती. एरवी प्रयोगशाळेत कुणी असं दार उघडं टाकलं असतं, तर धाकटीने त्याची चांगली हजेरी घेतली असती. आज ते लावायला एक पाऊल मागे जावं लागलं असतं, आणि नजर काढली तर तेवढ्यात तिसरा ठिपका उगवेल असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात होतं.

प्लेटमधल्या पिवळट थरावर ताईच्या रक्तात सापडलेले जंतू सारवलेले होते. त्यावर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, गोल मोकळी जागा राहते, तिलाच झोन म्हणतात. लागू पडत नसेल तर ते बेधडक येऊन टिकलीला भिडतात. इतकं साधं आहे ते, शाळेतल्या पोरांना दाखवलं तरी कळेल. ताईच्या प्लेटवर एक सोडून बाकी सगळ्या टिकल्यांना जंतू येऊन भिडले होते. ज्या औषधांची नावं वॉर्डातले डॉक्टर छाती पुढे काढून घेतात, त्या सगळ्यांना. राहिली होती एका नव्या औषधाची टिकली. तिच्याभोवती जागा होती, चांगली ऐसपैस, आणि त्या जागेत, कडेपासून जरा आत, हे दोघे येऊन बसले होते. आजूबाजूचे लाखो मेले आणि या दोघांना काही झालं नाही. प्लेटवर दोन म्हणजे ताईच्या अंगात किती, हे गणित धाकटीने मनात सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

कारण काल संध्याकाळी ही जागा स्वच्छ होती. निदान तिला तशी दिसली होती. प्लेट रात्रभर ठेवायची असते, सकाळी उघडायची असते, हे धाकटी नव्या मुलींना इतक्यांदा सांगते की मुली तिच्यामागे तिची नक्कल करतात. आणि काल तिनेच घरी जाण्याआधी, ॲप्रन काढून ठेवल्यावर, पर्स खांद्याला लावल्यावर, नुसतं बघू म्हणून ती बाहेर काढली होती. जंतू अजून पुरते उगवलेही नव्हते, पातळ धुक्यासारखा एक थर तेवढा होता. पण नव्या औषधाच्या टिकलीभोवती तो थर नव्हता. धाकटीला हसूच फुटलं होतं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने वरच्या वॉर्डात डॉक्टरांना फोन लावला होता. "झोन आहे, डॉक्टर. नवीन चालेल." आणि डॉक्टर म्हणाले होते, "सुटलो. मग जुन्याला हात लावायला नको." त्या 'सुटलो'वर ती घरी गेली, जेवली, कित्येक दिवसांनी गाढ झोपली. सकाळी उठल्यावर भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, निरोप आला होता. ताप उतरला नाही अजून, पण उतरेल ना? तिने दात घासता घासता उत्तर पाठवलं होतं, उतरेल, औषधाला वेळ लागतो.

जुनं औषध म्हणजे अगदीच शेवटचं, त्याची टिकली नसते, ते वेगळं तपासतात. ते जंतूंना मारतं, पण किडनीवरही बसतं. एरवीच्या माणसाची किडनी थोडी कुरकुर करून सावरते. ताईची किडनी केमोने आधीच दमलेली होती, आणि ती टिकवून ठेवायची होती मॅरोसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज घेण्यासाठी. भावाची मॅरो जुळली होती. त्याने सिगारेटही सोडली होती, ज्यासाठी त्याच्या बायकोने आयुष्याची दहा वर्षं डोकं फोडून घेतलं होतं. ताप उतरला, पांढऱ्या पेशी परत आल्या, किडनी शाबूत राहिली, तर पुढच्या महिन्यात ताईला मॅरो देणार होते. किडनी गेली तर देता येणार नव्हती, आणि मॅरो नाही म्हणजे रक्ताचा कॅन्सर आज ना उद्या परत येणार, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. तेव्हा या एका टिकलीभोवती ताईचं सगळं पुढचं आयुष्य गोल आखलेलं होतं म्हटलं तरी चालेल. धाकटीने पट्टी घेतली. प्लेट उलटी करून काचेवर ठेवली, मोकळ्या जागेची रुंदी मोजली. चांगल्या बाजूला भरली. पुन्हा मोजली, पुन्हा चांगल्याच बाजूला. ठिपके बाजूला ठेवले तर रिपोर्टात 'लागू' असं लिहायला कुणाची हरकत नव्हती. आणि ठिपक्यांचं काय, ते हवेतूनही पडतात. काल तिने प्लेट उघडली तेव्हा मास्क कुठे लावला होता? तिच्याच श्वासातून काहीतरी पडलं असेल. झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं असेल. ती असं एकेक म्हणत गेली आणि प्रत्येक वेळी तिला थोडं बरं वाटलं, आणि इतकं पटकन बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर मनात पाल चुकचुकली.

मोजण्यातली लबाडी तिला ताईनेच शिकवली होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ताई तिची उंची मांडायची. धाकटी तेव्हा बुटकी आणि गोलमटोल, म्हणून ताईने ठेवलेलं नाव ढब्बू, आणि शाळेच्या कवायतीत सगळ्यात पुढच्या रांगेत उभं राहावं लागतं म्हणून रोज रडायची. ताई तिला चौकटीला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर वही ठेवायची आणि वहीचं पुढचं टोक हळूच वर उचलून पेन्सिलीने रेघ मारायची. "बघ, वाढलीस." आई एकदा नेमकी मागे येऊन उभी राहिली. "अगं, पोर वाढली की चौकट खचली?" ताई जराही गडबडली नाही. म्हणाली, "वाढणारच आहे ती. मी आधी लिहून ठेवलं." खोटं बोलताना ताईचा चेहरा अगदी प्रामाणिक दिसायचा. पुढे ताईने शिवणाचे क्लास काढले, तिथेही तीच तऱ्हा. एखादी मुलगी जाड झाली म्हणून हिरमुसली असली, तर ताई टेप जरा ताणून धरायची, तोंडाने कमी आकडा सांगायची आणि कापड मात्र बरोबर कापायची. धाकटीने एकदा तिला पकडलं तेव्हा ती हसली होती. म्हणाली होती, "तोंडाने काहीही सांगावं गं. कात्री चालवताना नाही." आत्ता पट्टी हातात धरून उभ्या असलेल्या धाकटीला ते नको तितकं स्पष्ट ऐकू आलं. फोनवरून जे सांगायचं, ते तोंडाचं बोलणं होतं की कात्री? वर एक नर्स बाटली लावणार आणि ती ताईच्या शिरेत उतरणार. ही कात्रीच होती, यात वाद घालायला जागा नव्हती.

"कुणाची आहे गं?" मागून बाई म्हणाल्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या, निवृत्तीला आलेल्या, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी आधी इन्क्युबेटरचं दार लावलं. मग प्लेट धाकटीच्या हातातून घेतली, तिरकी केली, आणि धाकटीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे त्या दोन ठिपक्यांवर जाऊन थांबले. थांबले, हे धाकटीने स्पष्ट पाहिलं. मग बाईंनी प्लेट उलटवून मागचा नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. नियमाप्रमाणे ही प्लेट बाईंनीच बघायची होती. आपल्या माणसाचं सॅम्पल आपण बघायचं नसतं. पण ताई ॲडमिट झाल्यापासून धाकटी तिचा ट्रे गुपचूप आपल्या टेबलावर ओढून घेत होती आणि बाई गुपचूप ओढू देत होत्या. "पडतं गं असं एखादं," बाई म्हणाल्या. "कालचा रिपोर्ट राहू दे. आज परत लावू आपण, उद्या बघू." बाईंचा आवाज मायेचा होता. बाई रागावल्या असत्या, तर तिला कितीतरी सोपं गेलं असतं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला कळलं, आता खालपासून वरपर्यंत सगळे असेच वागतील. ती बोट दाखवील तिथे सगळे वहीचं टोक उचलून धरतील.

"बाई, हीच प्लेट दुसऱ्या कुणाची असती तर?"

बाईंनी चष्मा काढला. "दुसऱ्या कुणाची असती," त्या म्हणाल्या, "तर तू मला विचारलंच नसतंस."

फोन उचलणं धाकटीच्या जिवावर आलं. रिसीव्हर कानाला लावल्यावर वर घंटी वाजत राहिली आणि तिला वाटलं, न उचलोत, आत्ता राउंडवर असोत, अर्ध्या तासाने करता येईल. अर्धा तास म्हणजे त्या नव्या बाटलीतले किती थेंब, हा विचार येतोय तोवर डॉक्टरांनी उचलला.

"डॉक्टर, काल मी सांगितलं ते धरू नका."

"म्हणजे?"

"नव्या औषधाच्या झोनमध्ये कॉलनी आल्यात. दोन. लागू नाही असं धरा."

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी बेडपॅन आणायला सांगत होतं. "बाहेरून पडलेल्या नसतील?"

"मला तसं वाटत नाही."

"वाटत नाही, का नक्की नाही?"

"नक्की उद्या सांगता येईल. पण आजचा दिवस त्या औषधावर काढू नका." तिने प्लेटवरचा नंबर पुन्हा एकदा वाचला. "आणि काल मी प्लेट वेळेआधी उघडली होती. तेही लिहून ठेवा."

"ते नंतर," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "तुमची बहीण ना त्या?" धाकटी हो म्हणाली. "जुनं सुरू करतो. किडनीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू." आणि फोन ठेवला. धाकटीने ते दोन ठिपके तारेच्या टोकाने उचलून नव्या प्लेटवर लावले, झाकणावर नंबर लिहिला, प्लेट आत ठेवली, दार लावलं, पुन्हा ओढून पाहिलं. सगळं संपल्यावर बेसिनपाशी जाऊन ती नळ धरून उभी राहिली. एक रात्र गेली होती. तिच्या एका फोनमुळे एक पूर्ण रात्र ताईच्या अंगात पाणी सोडल्यासारखं ते औषध जात राहिलं होतं. ज्या अंगात लढायला एक पांढरी पेशी उरलेली नाही, त्या अंगात रात्र म्हणजे काय असतं हे तिला पुस्तकात बघायची गरज नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांच्या, नवऱ्यांच्या, पोरांच्या प्लेटा तिने न चुकता सकाळी उघडल्या होत्या. चुकायला तिला स्वतःची बहीण मिळाली.

"जा वर," बाई म्हणाल्या. "मी बघते इथलं." वर जायचं म्हटल्यावर धाकटीच्या तोंडून रोजचंच वाक्य निघालं, मी जंतूंत वावरणारी, मी कशाला तिथे. हे वाक्य तिने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. भाऊजींना पटलं, भावाला पटलं. आईला तर इतकं पटलं की तिने शेजारणींना कौतुकाने सांगितलं. बाईंना मात्र ते पटलं नव्हतं. हात धुऊन, गाऊन चढवून प्रयोगशाळेतलं माणूस वॉर्डात जाऊ शकतं हे बाईंना माहीत होतं आणि बाईंना ते माहीत आहे हे धाकटीला माहीत होतं. ती ॲप्रन काढून निघाली. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून जिन्याने गेली, आणि खरं सांगायचं तर जिना जास्त वेळ घेतो म्हणून गेली.

भाऊजी ताईच्या बंद खोलीच्या काचेबाहेर खुर्चीत बसले होते. सरळमार्गी माणूस, कधी आवाज चढवला नाही. ताई त्यांना चिडवायची, यांना राग आला की हे पेपरच्या घड्या घालतात. आत्ता त्यांच्या मांडीवर पेपर होता आणि त्याची घडी घालून घालून पाकिटाएवढी झाली होती. "बाटली बदलली आत्ता," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, कालचं चालत नाहीये." धाकटीने सांगितलं. लवकर उघडलं, घाई केली, माझं चुकलं. तिला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, निदान 'अगं पण' एवढं तरी. ते घडीकडे बघत म्हणाले, "रात्री तिला थंडी वाजून आली तेव्हा मी तिला सांगत होतो, ढब्बूने बघितलंय, आता काळजी नाही." आणि ते उठून पाणी प्यायला गेले. धाकटी तिथेच उभी राहिली.

काचेपलीकडे ताई पडून होती. इतक्या दिवसांत धाकटीने ताईला कागदावर पाहिलं होतं. पेशी किती, ताप किती, रक्ताच्या बाटलीत काय उगवलं. माणूस असं दिसतं हे ती विसरूनच गेली होती. टकलावर बारीक लव, गाल आत, आणि डोळे तेवढे जुने, घरचे. ताईने तिला पाहिलं आणि उशाचा फोन उचलून कानाला लावला. काचेच्या या बाजूचा फोन वाजला.

"काय गं ढब्बू, वाट चुकलीस?"

"ताई, काल मी चुकीचं सांगितलं."

"सिस्टर बाटली बदलायला आली तेव्हाच कळलं."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, मला बरं वाटेल. वाटलं ना. रात्रभर वाटत होतं." ताईला धाप लागली, ती थांबली. "आत ये."

"मी जंतूंतून येते गं."

"मग सिस्टर काय बागेतून येतात?" ताई हसली नाही. "रोज माझं रक्त बघतेस. मला बघून किती दिवस झाले?"

धाकटीने हात धुतले, नको तितका वेळ धुतले. गाऊन, मास्क, टोपी, हातमोजे. दार मागे लागलं तेव्हा पंख्यांचा एकसुरी आवाज कानात भरला. ती पलंगाजवळ गेली आणि तिची नजर आपोआप खाली गेली, पलंगाला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे. जुनं औषध सुरू झालंय, आता सगळं त्या पिशवीवर कळणार. पिशवीत थोडीच होती, गडद. आज सकाळपासूनची का रात्रीपासूनची, ती मनात जुळवायला लागली.

"तिकडे नको बघू," ताई म्हणाली. "इकडे बघ."

धाकटीने बघितलं. ताईच्या ओठांना चिरा पडल्या होत्या आणि डोळ्यांखालची कातडी कागदासारखी झाली होती. तिने ताईचा हात हातात घेतला. मोज्यातूनही तो भाजत होता. इतके दिवस ती खाली, प्लेटा तिरक्या धरून, ताईसाठी जिवाचं रान करत होती, आणि ते खरंही होतं. पण या हाताला हात लावायला लागू नये म्हणूनही ती खालीच बसली होती, हे आत्ता तिला कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"उद्या ती प्लेट दुसऱ्या कुणाला बघू दे," ताई म्हणाली.

"मग मी काय करू?"

"इथे बस." ताईने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "या औषधाने किडनी जाईल का गं?"

जाणार नाही, हे शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. "जाऊ शकते. सगळ्यांची जात नाही. मला माहीत नाही."

ताईने नजर छताकडे नेली. वर बाटलीतून थेंब पडत होते. "तुला भीती वाटते?"

"खूप."

"मला पण," ताई म्हणाली. "पण येणारा प्रत्येक जण धीर देऊन जातो. मग मी बोलायचं कुणाशी?"

धाकटीने धीर दिला नाही. खुर्ची पलंगाला टेकेपर्यंत ओढून घेतली, बसली, आणि म्हणाली, "बोल."